फलाट बदलताना

ज्या गावात रेल्वेचे स्थानक आहे त्या गावच्या माणसास फलाट म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आमचे चिंचपाडा हे असेच एक गाव. सुरतेहून निघालेली गाडी नवापूर मागे टाकून नंदुरबारकडे निघाली की वाटेत आमचे लहानसे स्थानक लागते. येथे चढताना कोणाचा गोंधळ होत नाही; परंतु येथून निघालेला उतारू पुढे भुसावळसारख्या जंक्शनावर उतरला आणि त्याची पुढची गाडी आयत्या वेळी दुसऱ्याच फलाटावर येत असल्याचे त्याने ऐकले, म्हणजे त्याची जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. ज्याचे हात मोकळे आहेत तो हसत पूल चढून जातो. ज्याच्यापाशी ट्रंक, वळकटी, तांदळाचे पोते आणि शिवाय म्हातारी आई असते, त्याला मात्र फलाट बदलणे म्हणजे एक लहानसा संसार हलविणेच असते. सारांश, प्रश्न फलाटाचा नसतो, सामानाचा असतो.

हे तत्त्व आम्ही तीस वर्षे डोळ्यांनी पाहत आलो. परंतु ते आमच्या गळी उतरावयास एक लॅपटॉप मोडावा लागला.

हा लॅपटॉप आम्ही २०१४ साली घेतला होता. त्याचे एक बिजागर गेल्यामुळे झाकण पुस्तकांच्या ढिगाला टेकवून ठेवावे लागे. बॅटरी फुगून आलेली, ‘ळ’ हे अक्षर दोनदा दाबल्याखेरीज उमटत नसे, आणि पावसाळ्यात वीज गेली की तोही तिच्यामागोमाग जाई. इतके असूनही त्याला काढून टाकण्याचा विचार आमच्या मनात आला नव्हता. घरातील जुन्या माणसाच्या तक्रारी जशा आपण ऐकतो आणि सोडून देतो, तशाच त्याच्याही सोडून देत होतो. परंतु विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. म्हणजे त्या दिवसापासून यंत्र बंद पडले असे नव्हे. त्याच्या दारांना नवी कुलपे बसविणे थांबले, इतकेच. एक वर्षाची वाढीव मुदत मिळण्याची सोय होती. परंतु पुढच्या विंडोज ११ ला ज्या प्रकारचा प्रोसेसर आणि जी सुरक्षा-चिप लागते त्यांपैकी आमच्या म्हाताऱ्यापाशी काहीच नव्हते. त्याला निवृत्त करणे प्राप्तच होते.

आता नवा कोणता घ्यावा? हा प्रश्न आम्ही चारचौघांत काढला आणि पस्तावलो. मुलीसाठी स्थळ सुचविण्यात आणि दुसऱ्याला लॅपटॉप सुचविण्यात मनुष्य सारख्याच उदारतेने वागतो.

आमचे चिरंजीव पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहेत. ते फोनवर म्हणाले, “बाबा, आता मॅकच घ्या. एकदा घेतलात की दहा वर्षं बघायला नको.” ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरात स्वतःची चिप घालून जे लॅपटॉप काढले त्यांची बॅटरी दिवसभर पुरते, त्यांत पंखा घरघरत नाही, हे सारे त्यांनी आम्हास पटवून दिले. किंमत लाखाच्या घरात आहे, हे मात्र त्यांनी अगदी शेवटी आणि जरा हलक्या आवाजात सांगितले. आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक दुसऱ्या पंथाचे. त्यांच्या मते ज्ञानाला कुलूप असू नये. म्हणून लिनस टोर्व्हाल्ड्‌स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा पाया घातला ते लिनक्स वापरावे, आणि तेही एखाद्या वापरलेल्या परंतु धडधाकट यंत्रावर. “सर, तुम्ही लिहिणार काय? मराठी. मग लाख रुपये कशाला?” असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्याला उत्तर देणे आम्हास जरा अपमानकारक वाटले. घरातून तिसरा पक्ष निघाला. “अहो, होता तसाच नवा आणा की. तुम्हाला नवीन काही शिकायचं म्हटलं की घरात आठ दिवस कुणी बोलायची सोय राहत नाही.” या तिन्ही मतांत हे शेवटचे आम्हास सर्वांत शहाणपणाचे वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात आठवड्याभराने दिवाळी आली, आणि चिरंजीव आपला मॅक घेऊन घरी आले. नव्या यंत्रावर आपले काम कसे चालते हे प्रत्यक्ष पाहावे म्हणून आम्ही पेनड्राइव्हवर आमची एक जुनी फाइल त्यांना दिली. त्यांनी ती उघडली, आणि पडद्यावर मराठीचे एक अक्षर दिसेना. रोमन लिपीतील मुळाक्षरे, त्यांच्या डोक्यांवर युरोपातील भाषांची कसलीशी टिंबे आणि शिंगे, मध्येच एखादे पौंडाचे चिन्ह, अशा रांगांमागून रांगा पानभर पसरल्या होत्या. चिरंजीव म्हणाले, “बाबा, हे काय आहे?” आम्ही काहीच बोललो नाही.

ते काय होते हे वाचकांस सांगितले पाहिजे. आम्ही मूळचे सातारा प्रांताकडचे. १९९५ साली येथे नोकरीनिमित्त आलो तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हाही झाला नव्हता. तो धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी निघाला. वर्गात आम्ही जी भाषा बोलत होतो ती समोरच्या पुष्कळ मुलांच्या घरची नव्हती. त्यांच्या घरी मावची बोलत. भिल्ली कुळातील ही बोली. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषापाहणीच्या १९०७ सालच्या एका भागात तिची नोंद केली आहे. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे पदवीधर. परंतु ज्या मुलांना आम्ही शेक्सपिअर शिकवितो त्यांची आई त्यांना कोणत्या शब्दांनी हाक मारते हे आपणास ठाऊक नाही, याची लाज वाटून २००१ साली आम्ही शब्द टिपून घेऊ लागलो. गावाजवळच्या एका पाड्यावर एक आजी होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु नदीतल्या माशांची, रानातल्या गवतांची, पाखरांची, भाताच्या जातींची, आभाळाच्या रंगांची नावे त्यांना जितकी येत तितकी आम्हास दोन भाषांत मिळूनही येत नव्हती. दहा वर्षे आम्ही त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. सुमारे चार हजार शब्द आणि लग्नातली काही गाणी जमली. आजी २०११ साली वारल्या. ज्या वह्यांत आम्ही ते सारे प्रथम लिहिले त्या वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. राहिली ती संगणकावरची फाइल. आणि ती फाइल आमच्या मुलाच्या मांडीवर उघडी पडून आमच्याशी कोणत्याही मानवी भाषेत बोलावयास तयार नव्हती.

त्या रात्री आम्हास आमच्या आजोबांचे दप्तर आठवले. साताऱ्याच्या घरी माळ्यावर एका लाल फडक्यात मोडी कागदांचा गठ्ठा होता. वडील त्यातले थोडे वाचीत. आम्हास एक ओळही लागत नाही. कागद जागचे हललेले नाहीत, शाई उडालेली नाही, अक्षर तर मोत्यासारखे. तरीही आजोबांनी कोणाला काय लिहिले हे त्यांच्या सख्ख्या नातवास कळत नाही. आग लागली नाही, पूर आला नाही. घराण्याने फक्त फलाट बदलला, आणि मोडीऐवजी बाळबोधीच्या गाडीत बसताना गठ्ठा मागे राहिला. तेच आता आम्ही आमच्या हयातीत आणि आमच्याच हातांनी करून बसलो होतो. आणि हा गठ्ठा तर आमच्या घरचाही नव्हता. तो दुसऱ्यांनी विश्वासाने आमच्यापाशी ठेवलेला होता.

हे असे का झाले, याचा उलगडा भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी केला. आम्ही २००२ साली एक मराठी लेखनाचे पॅकेज विकत घेतले होते. त्यासोबत डोंगल नावाची एक खुंटी मिळे. ती संगणकाच्या पाठीस लावल्यावाचून पॅकेज चालत नसे. त्या काळी अशा फॉन्टांत अक्षरांसाठी फार तर २५६ घरे असत, आणि ती सारी रोमन लिपीसाठी आखलेली. कारागिरांनी युक्ती केली. ज्या घरात परदेशी अक्षर राहावयाचे त्या घरात आमचा काना, वेलांटी, अर्धा ‘त’, उभी रेघ अशी चित्रे नेऊन बसविली. पडद्यावर मराठी दिसे. संगणकाच्या पोटात मात्र सारे रोमनच साठविले जाई. शिवाय दर पॅकेजाची बसण्याची व्यवस्था निराळी. त्या फॉन्टाचा मुखवटा जोवर चेहऱ्यावर आहे तोवर मराठी, मुखवटा काढला की तोच परदेशी गोंधळ. तेवीस वर्षे आम्ही मराठी लिहीत आहोत असे समजत होतो. वस्तुतः आम्ही मराठीची चित्रे काढीत होतो.

या दोषास कोणा एकाचा दुष्टपणा कारण झाला असे मात्र नव्हे. यंत्र परक्याचे असले की भाषेलाच अंग चोरून बसावे लागते. सावरकरांच्या लिपिसुधारणेतील ‘अ’ची बाराखडी आमच्या वाडवडिलांनी ‘किर्लोस्कर’ मासिकात वर्षानुवर्षे वाचली. छापखान्यातील खिळ्यांची संख्या कमी व्हावी हा त्या सुधारणेचा एक मोठा हेतू होता. त्या वेळी यंत्रासाठी लिपी वाकली. पुढे दिशा बदलली. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची एक सरकारमान्य संकेतपद्धती तयार झाली; १९८८ सालच्या तिच्या रूपावरून युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र वाडा आहे. ‘क’ला २३२५ हा क्रमांक मिळाला, तो क्रमांक दुसऱ्या कोणत्याही लिपीतील कोणत्याही अक्षराचा नाही. ‘क्ष’ लिहावयाचा तर क, हलन्ताचे चिन्ह आणि ष असे तीन क्रमांक ओळीने साठवावयाचे. त्यांचे जोडाक्षर करून दाखविणे हे फॉन्टाचे काम. ते काम नीट व्हावे म्हणून झटणाऱ्यांत आपले एक मराठी कवी आणि सुलेखनकार होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. विंडोजमधील ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेला आहे. मराठीस अवश्य असलेला ‘ॲ’ मात्र युनिकोडात २००८ साली आला, आणि ज्या मोडीसाठी आम्ही हळहळलो तिलाही २०१४ साली तेथे जागा मिळाली.

हे सारे आम्हास त्या प्राध्यापकांनी रेल्वेच्या भाषेत समजावून दिले, आणि स्थानकाच्या गावी राहत असल्यामुळे ते आम्हास चटकन समजले. आमच्या मार्गावरील रुळांमधले अंतर साडेपाच फूट आहे. दक्षिण गुजरातेत बिलिमोऱ्याहून वघईस जाणारी, बडोदे संस्थानाने बांधलेली जी लहान वाट आहे, तिचे अंतर अडीच फूट. या वाटेवरचा डबा त्या वाटेवर कितीही ताकदीचे इंजिन जोडले तरी जाणार नाही. माल खाली उतरवूनच पलीकडे चढवावा लागेल. विंडोज, मॅक, लिनक्स ही इंजिने. युनिकोड हा रूळ. आम्ही आठ दिवस इंजिनांची घासाघीस करीत होतो, आणि आमचा माल होता अडीच फुटी डब्यात.

ही गोष्ट कळल्याबरोबर निवडीचा प्रश्न आश्चर्यकारक रीतीने सोपा झाला. एकदा माल रुंद डब्यात भरला की तिन्ही इंजिने तो सारख्याच सुखाने ओढणार. मग मॅकविरुद्ध आमची तक्रार राहिली नाही आणि लिनक्सविषयी भीतीही राहिली नाही. जुन्याच वाटेचा नवा विंडोज घेण्यातला मोठा आधार मात्र नाहीसा झाला. कारण ज्या पॅकेजासाठी तो घ्यावयाचा त्या पॅकेजापासूनच तर सुटावयाचे होते. राहिले प्रश्न ते साधे: पैसा किती, दुरुस्ती कोठे, वीज गेल्यावर तो किती वेळ चालतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांनाही तो घेता येईल काय. या शेवटच्या प्रश्नाने आमचे मन लिनक्सकडे वळले. जे साधन शिक्षकापाशी आहे आणि विद्यार्थ्याला कधीच परवडणार नाही, त्या साधनावर काम करून शिक्षकाने ते विद्यार्थ्याच्या हाती कसे सोपवावे?

नोव्हेंबरात आम्ही सुरतेस निघालो. आमच्या भागाचा मोठा बाजार म्हणजे सुरत. राज्य बदलते, परंतु गाडी बदलत नाही. वाटेत नवापूरचे स्थानक लागले. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा या स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात राहिला आणि अर्धा गुजरातेत गेला. तेथे एक बाक असा आहे की त्याच्या एका टोकास महाराष्ट्र आणि दुसऱ्या टोकास गुजरात लिहिले आहे. सूचनाही मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. त्या बाकावर बसलेल्या माणसाला आपण राज्य ओलांडले याचा पत्ताही लागत नाही, कारण खालचे रूळ तेच आहेत. आम्ही खिडकीतून त्या बाकास मनोमन नमस्कार केला.

प्राध्यापकांनी आम्हास एक पेनड्राइव्ह दिला होता. त्यात संपूर्ण लिनक्स होते. तो लावून संगणक सुरू केला की आतल्या डिस्कला धक्का न लावता लिनक्स चालू होते, आणि यंत्राची परीक्षा विकत घेण्यापूर्वीच घेता येते. दुकानदाराने कार्यालयांतून निवृत्त झालेले तीन लॅपटॉप समोर मांडले. आम्ही खिशातून पेनड्राइव्ह काढताच तो दचकून म्हणाला, “साहेब, आ शुं करो छो?” आम्ही त्यास सांगितले, की नवरी पाहावयास आलेला मनुष्य तिला चार वाक्ये तरी वाचावयास सांगतोच. तो हसला आणि त्याने आम्हास मुभा दिली. पहिल्या यंत्रास दुकानातील वाय-फाय सापडेना. दुसऱ्याचे झाकण मिटले की ते झोपे आणि पुन्हा उठण्याचे नाव घेत नसे. तिसऱ्याने वाय-फाय धरले, झोपले आणि उठले, बोललेले ध्वनिमुद्रित करून परत ऐकविले, वर्गातील प्रोजेक्टर जोडण्याचे छिद्र त्यास होते, बॅटरी आणि मेमरी चार स्क्रू काढून बदलता येत होती, आणि ‘ळ’ एकदा दाबला की एकदाच उमटत होता. मेमरी सोळा जीबी. किंमत बत्तीस हजार. बाकीची चमक त्यात नव्हती. परंतु त्या वयास आम्हापाशी तरी कोठे आहे?

घरी आल्यावर खऱ्या त्रासास सुरुवात झाली. प्रथम बोटांचा श्रीगणेशा. आजवर आम्ही मराठी टंकलेखन यंत्राच्या जुन्या चालीवर लिहीत होतो. १९८६ साली ठरलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे. व्यवस्था इतकी तर्कशुद्ध आहे, की ती आपल्याला आधी का सुचली नाही याचा राग येतो. परंतु बोटांना तर्कशास्त्र कळत नाही. महिनाभर आमच्या हातून ‘महाराष्ट्र’ हा शब्द धड उमटला नाही, आणि घरातून झालेले भाकीत अक्षरशः खरे ठरले.

मग फाइलीचे रूपांतर. जुन्या फॉन्टांच्या खुणा युनिकोडात पालटणारे प्रोग्रॅम असतात. प्राध्यापकांनी तसा एक आमच्या पॅकेजाच्या मांडणीस जुळवून घेतला, आणि एका संध्याकाळी त्या शिंगांच्या आणि टिंबांच्या रांगांतून आजींचे शब्द एकामागून एक वर येऊ लागले. त्या वेळी आम्हास काय वाटले हे लिहिण्याचा आम्ही प्रयत्न करीत नाही. परंतु आनंद पुरता उपभोगण्यापूर्वीच दृष्टीस पडले, की आम्ही प्रस्तावनेत ‘सातपुड्याच्या दऱ्या’ असे लिहिले होते तेथे आता ‘सातपुड्याच्या दर्या’ झाले होते. मराठीत ‘दऱ्या’ निराळ्या आणि ‘दर्या’ निराळा, हे त्या प्रोग्रॅमला ठाऊक नव्हते. त्याने सर्व खोऱ्यांत समुद्र भरून टाकला होता. कोठे ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली होती. हे सारे डोळ्यांत तेल घालून शोधावे लागले. परंतु ते शोधता येत होते.

शोधता येत नव्हती ती एक वेगळीच चूक, आणि ती ना प्रोग्रॅमची होती ना पॅकेजाची. मावचीतले काही उच्चार बाळबोधीत नीट बसत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही अक्षरापुढे एक तारका घालीत असू. आरंभी ती दबलेल्या हकारासाठी होती. मध्ये दोन वर्षे काम खंडित झाले, आणि पुन्हा आरंभ केला तेव्हा तीच तारका आम्ही लांबविलेल्या स्वरासाठी वापरू लागलो. कोणत्या पानापासून अर्थ बदलला हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. ते पान वाळवीच्या पोटात गेले. तारका असलेले तीनशे बारा शब्द आमच्यापुढे अगदी स्वच्छ, शुद्ध युनिकोडात उभे होते, आणि ते कसे उच्चारावेत हे आम्हास सांगता येत नव्हते.

आजींची नात आमच्या महाविद्यालयात बी. ए.च्या शेवटच्या वर्गात आहे. तिला हे काम सांगावे की नाही याचा आम्ही आठवडाभर विचार केला. कारण सांगावयाचे म्हणजे आधी आपला निष्काळजीपणा कबूल करावयाचा. शेवटी तिला बोलाविले. आम्ही ती यादी कागदावर छापून देणार होतो. ती म्हणाली, “सर, फोनवरच पाठवा ना.” आम्ही पाठविली, आणि क्षणभर आमचा श्वास अडकला. तिच्या साध्या फोनवर, ज्यास विंडोजचे, मॅकचे वा आमच्या लिनक्सचे काहीच देणेघेणे नव्हते, तिच्या आजीचे शब्द जसेच्या तसे उघडले. ती ते मोठ्याने वाचू लागली. काही शब्दांवर ती सहज पुढे गेली. काहींवर थांबून तिने मामीला फोन लावला. एका ठिकाणी ती हसली. “सर, हे तुम्ही ‘एक प्रकारचे गवत’ असं लिहिलंय. असं कसं? याच गवतानं घराच्या कुडाच्या काठ्या बांधतात. आजीनं सांगितलं नव्हतं?” सांगितले असावे. आम्ही शब्द उतरवून घेण्याच्या गडबडीत अर्थ अंगणातच ठेवून आलो होतो.

तीनशे बारांपैकी दोनशे त्र्याण्णव शब्दांची वाट तिने, तिच्या मामीने आणि पाड्यावरच्या आणखी दोघी वृद्ध बायकांनी लावून दिली. एकोणीस शब्द कोणालाच आठवेनात. त्यांच्यापुढे आता तारकेऐवजी प्रश्नचिन्ह आहे. यंत्र बदलले नसते तर ही उणीव आम्हास कळलीही नसती. आणि ते दहा वर्षे आधी बदलले असते तर कदाचित ही उणीव राहिलीही नसती. या दोन वाक्यांपैकी कोणते मनास लावून घ्यावे हे आमचे अजून ठरलेले नाही.

आमचे स्नेही आता आमच्याकडे सल्ल्यास येतात. कारण ज्याने एकदा लॅपटॉप बदलला तो या भागात जाणता समजला जातो. कोणता घेऊ, असे ते विचारतात. आम्ही त्यांस उलट विचारतो, की आपल्या जुन्या यंत्रातील अत्यंत प्रिय अशी एक फाइल शेजारच्या मुलाच्या फोनवर पाठवा आणि ती तेथे वाचता येते काय ते सांगा. वाचता येत असेल तर हवे ते यंत्र घ्या, आमची कशासच ना नाही. येत नसेल तर आधी सामान बांधा, गाडीचे मागाहून पाहू. पुष्कळांस हा सल्ला निरुपयोगी वाटतो. त्यांना कंपनीचे नाव हवे असते.

जुना लॅपटॉप आम्ही टाकलेला नाही. त्याची फुगलेली बॅटरी काढून ती योग्य जागी पोहोचविली. तो स्वतः मात्र कपाटात आहे. त्याच्या शेजारीच, साताऱ्याहून या दिवाळीनंतर आणविलेला, लाल फडक्यातला मोडी गठ्ठा आहे. मोडी वाचण्याचे वर्ग निघाले आहेत असे ऐकतो. बोटे एकदा नव्याने शिकलीच आहेत, तर डोळ्यांनाही शिकवून पाहावे, असे मनात आहे. आजींची नात दर रविवारी येते. आता तारका नाहीत. ती शब्द उच्चारते, यंत्र तो ध्वनी ठेवून घेते, आणि अर्थ मात्र आम्ही तिला दोनदा विचारतो.